बाहुलीत जीव ओतणारे हात : आगकाड्या, किंग काँग आणि स्टॉप-मोशनची करामत



आजच्या भागात आपण बोलणार आहोत पडद्यावरच्या राक्षसांबद्दल. अवाढव्य गोरिला, चिखलातून वर येणारे डायनासोर, तलवारी परजत चाल करून येणारे हाडांचे सापळे. पण संगणकावर तयार झालेले राक्षस आज आपल्याला नकोत. आपले राक्षस वीतभर किंवा हातभर उंचीच्या बाहुल्या होते. कोणीतरी त्या हाताने केसभर सरकवायचं, एक छायाचित्र घ्यायचं, पुन्हा केसभर सरकवायचं आणि पुन्हा एक छायाचित्र घ्यायचं. या पद्धतीला स्टॉप-मोशन म्हणतात.

आता कोणीही रास्त प्रश्न विचारेल. आज खिशातल्या फोनवर हवा तो राक्षस हवा तसा दिसतो. मग नव्वद वर्षांपूर्वीचा, थोडे धक्के खात चालणारा गोरिला आपण का पाहायचा? जुन्याचं कौतुक म्हणून? तेवढंच असेल तर खरोखर पाहू नये. माझं म्हणणं वेगळं आहे. ते तंत्र जुनं झालं, पण त्या लोकांनी जो प्रश्न हाती घेतला तो आजही तसाच ताजा आहे. निर्जीव वस्तूला वजन कसं द्यायचं? ती विचार करते आहे असं बघणाऱ्याला का वाटावं? ती मेली तर बघणाऱ्याच्या घशात आवंढा का यावा? त्याची उत्तरं त्यांनी शोधली आणि आजचे संगणकवाले त्याच उत्तरांवर उभे आहेत. या गोष्टीच्या अगदी सुरुवातीला आपला एक मराठी माणूसही आहे.

मातीचा बैल कसा चालतो

आधी तंत्र समजून घेऊ. त्यासाठी तुम्हाला आमच्या रायपूरच्या गोल बाजारात नेतो.

ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराच्या जुन्या भागातली ही पेठ. पूजेचं सामान, मसाले, भांडी, लग्नाचं साहित्य, सगळं एका ठिकाणी. माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू इथे मिळते, असं इथले लोक म्हणतात. पोळ्याच्या आधी या बाजारात मातीच्या बैलांची रांग लागते. छत्तीसगडीत पोळ्याला ‘पोरा’ म्हणतात आणि या बैलाला नांदिया बैल. त्याला मातीचीच चाकं लावलेली असतात. सोबत मुलींसाठी चूल, जातं, मडकी अशी मातीची भातुकली. नागपूरकडच्या मंडळींना तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आठवतील. गोष्ट तीच.

हा नांदिया बैल टेबलावर ठेवा. समोर चार पुस्तकं रचून त्यांवर मोबाइल असा टेकवा की तो अजिबात हलणार नाही. खिडकी बंद करून एक दिवा लावा, कारण उन्हाचा उजेड दर मिनिटाला बदलतो आणि चित्रात तो लुकलुकताना दिसतो. आता बैलाचं एक छायाचित्र घ्या. बैल एक सेंटीमीटर पुढे सरकवा. हात चौकटीबाहेर काढा. दुसरं छायाचित्र घ्या. सेकंदाला बारा छायाचित्रं या वेगाने दाखवायचं ठरवलं, तर दहा सेकंदांच्या चालीसाठी १२० छायाचित्रं लागतील आणि बैल साधारण सव्वा मीटर चालेल. ही छायाचित्रं ओळीने दाखवली की आपला मेंदू मधल्या रिकाम्या जागा स्वतःच भरून काढतो. हात दिसत नाही, बैल चालताना दिसतो.

इथपर्यंत शाळेतलं पोरही करेल. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक वेळी नेमका एक सेंटीमीटर सरकवलात तर बैल चालेल, पण दोरीने ओढल्यासारखा. कारण जगातली कुठलीही जड गोष्ट एकदम वेग घेत नाही. म्हणून सुरुवातीला दोन मिलिमीटर सरकवा, मग चार, मग सात, मग दहा. थांबतानाही असंच हळूहळू कमी करत आणा. आता पडद्यावर बैल जड वाटेल. बैल तोच, माती तीच. फक्त दोन छायाचित्रांमधली अंतरं बदलली आणि त्याला वजन आलं. थोडक्यात, पडद्यावरचं वजन म्हणजे अंतरांचा हिशेब. हे एक सूत्र लक्षात ठेवा, आजचा बाकीचा भाग त्यावरच चालणार आहे.

वाटाणा आणि आगकाड्या

दादासाहेब फाळके आपल्याला ठाऊक आहेत ते ‘राजा हरिश्चंद्र’मुळे. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसमोर आला. त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

१९१२ साली फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपट काढायला भांडवल हवं आणि ‘हलती चित्रं मी काढू शकतो’ या शब्दावर कोण पैसे देणार? मग त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर पक्का बसवला आणि ठरावीक अंतराने थोडं थोडं चित्रण करत राहिले. माती फुटते, कोंब वर येतो, पानं उलगडतात, वेल आधार शोधत वर चढतो. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर एक-दोन मिनिटांत. ही छोटी फिल्म ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाते. पैसे देऊ शकणाऱ्या मंडळींना त्यांनी ती दाखवली आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. भारतीय चित्रपटाचं बीज एका वाटाण्यात होतं, असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे.

तांत्रिक भाषेत हे स्टॉप-मोशन नव्हे. इथे वस्तू स्वतःच हलते आहे, कॅमेरा फक्त थांबून थांबून बघतो आहे. पण दोन्हींचा पाया एकच. दोन फ्रेममध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे चित्रपट काढणारा ठरवतो आणि त्या मधल्या वेळात काय घडलं ते प्रेक्षकाला कळत नाही. एकदा हे हाती आलं की पुढची उडी साहजिक असते. त्या मधल्या वेळात मीच हात घालून वस्तू हलवली तर?

ती उडीही फाळक्यांनी घेतली. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ही छोटी फिल्म केली. त्यात काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकृत्या करतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली असाच आगकाड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. काड्या म्हणजे फुकटातले नट. त्या मानधन मागत नाहीत, दमत नाहीत, आणि प्रत्येक काडी दुसरीसारखी असल्यामुळे एक मोडली तर दुसरी ठेवता येते.

फाळक्यांना हे सुचलं यात आश्चर्य नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकलेले. छायाचित्रण, छपाई, मातीकाम, रंगकाम सगळं हाताखालून गेलेलं. त्यावर जादूचे प्रयोगही करायचे. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने. हातचलाखी आणि कॅमेरा एका माणसाच्या हाती आले की ट्रिक सीन जन्माला येतो.

तारखेचा एक योगायोग पाहा. त्याच १९१५ च्या सुमारास तिकडे अमेरिकेत विलिस ओब्रायन नावाचा एक तरुण मातीच्या बाहुल्यांशी खेळत होता. त्याने मातीचे दोन मुष्टियोद्धे करून त्यांची मारामारी फ्रेम-फ्रेमने चित्रित केली. मग एक डायनासोर आणि आदिमानव घेऊन पाच-सहा मिनिटांची विनोदी फिल्म केली. ती पुढे एडिसनच्या कंपनीने विकत घेतली. फाळके आणि ओब्रायन यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण जगाच्या दोन टोकांना दोन माणसं एकच गोष्ट चाचपून बघत होती.

पोटात हवा भरलेले डायनासोर

ओब्रायनचं पहिलं मोठं काम म्हणजे १९२५ चा ‘द लॉस्ट वर्ल्ड’. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांच्या कादंबरीवरचा हा मूकपट. एका दुर्गम पठारावर डायनासोर अजून जिवंत आहेत, अशी कल्पना.

इथे नुसती माती पुरेना. आपला नांदिया बैल चाकांवर सरकतो, त्याचे पाय हलत नाहीत. पाय हलवायचे तर सांधे हवेत, आणि सांधाही असा हवा की जिथे ठेवला तिथेच थांबेल. ढिला असेल तर बाहुली कोसळते, घट्ट असेल तर वाकवताना सगळीच हलते. यासाठी मार्सेल डेलगाडो या तरुण कलाकाराने बाहुल्यांच्या आत धातूचे सांगाडे बसवले. खोबणीत फिरणारी गोळी असते ना, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी, तसे त्यांचे सांधे. त्यावर स्पंज आणि कापूस यांचे स्नायू, वरून रबराची कातडी. काही डायनासोरांच्या पोटात त्याने छोटी रबरी पिशवी ठेवली. तिच्यात थोडी थोडी हवा भरायची आणि काढायची. फ्रेमगणिक पोट किंचित फुगतं, किंचित बसतं. प्राणी उभा असला तरी श्वास घेतो आहे.

हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. पळणारा, चावणारा प्राणी दाखवणं सोपं असतं. काहीच न करणारा प्राणी जिवंत दाखवणं अवघड. डेलगाडोने ते ओळखलं होतं.

चित्रपट पूर्ण व्हायच्या आधीचा एक किस्सा आहे. जून १९२२ मध्ये कॉनन डॉइल न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या एका मेजवानीला गेले आणि काहीही खुलासा न करता डायनासोरांचं थोडं चित्रण दाखवून आले. जमलेले सगळे लोकांना चकवण्यात मुरलेले जादूगार. तरी हे आहे काय, हे त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची चर्चा झाली आणि मग डॉइल यांनी उलगडा केला. विचार करा. चकवणाऱ्यांनाच चकवणारं असं काम, तेही हातभर लांबीच्या रबरी बाहुल्यांचं.

काँगने जबडा हलवून पाहिला

आता येऊ काँगवर. ‘किंग काँग’ मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झळकला. मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक हे दिग्दर्शक, ओब्रायन ट्रिक सीनचा मुख्य, बाहुल्या डेलगाडोच्या. पडद्यावर इमारतीएवढा दिसणारा काँग प्रत्यक्षात साधारण दीड फुटाची बाहुली होता. नटीला मुठीत धरलेलं दाखवण्यासाठी एक प्रचंड हात आणि जवळून दाखवण्यासाठी एक प्रचंड डोकं वेगळं केलं होतं. पण तो चालतो, लढतो, चढतो ती सगळी करणी बाहुलीची.

बोलपट आल्यावर पडद्याचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असा ठरला होता. म्हणजे एका मिनिटाला १,४४० फ्रेम. प्रत्येक फ्रेमसाठी बाहुलीचा हात, पाय, मान, भुवया, ओठ यांतलं काय काय किती सरकलं पाहिजे हे करणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. तेव्हा आजच्यासारखा पडदा समोर नव्हता की मागची फ्रेम लगेच पाहून घेता येईल. फिल्म धुऊन येईपर्यंत काय झालंय ते कळायचं नाही. मध्येच एखादा दिवा गेला किंवा मेज हललं तर सगळं काम पुन्हा.

एवढ्या कष्टाने काय मिळालं? दोन प्रसंग सांगतो.

पहिला. जंगलात काँग एका भल्यामोठ्या मांसाहारी डायनासोरशी झुंजतो आणि त्याचा जबडा फाडून त्याला मारतो. मारामारी संपली. पण काँग लगेच निघून जात नाही. मेलेल्या प्राण्याचा जबडा धरून तो वर-खाली हलवून पाहतो. खरंच मेला ना? मग छाती बडवतो. कथेला या कृतीची काही गरज नव्हती. ती काढून टाकली असती तरी चित्रपट पुढे गेला असता. पण त्या क्षणी आपल्याला कळतं की या प्राण्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय. तो कुतूहलाने बघतो, खात्री करतो, खूश होतो. राक्षस इथे पात्र होतो.

दुसरा शेवटचा. एम्पायर स्टेट इमारतीच्या टोकावर विमानं गोळ्या झाडतात. काँग छातीला हात लावतो, बोटांकडे बघतो. हे काय होतंय ते त्याला समजत नाही. त्या मुलीला एकदा उचलतो, पुन्हा जपून खाली ठेवतो आणि मग पडतो. १९३३ साली लोकांना या गोरिलाचं वाईट वाटलं आणि आजही वाटतं. लोकांना फसवलं म्हणून हे झालं का? मला नाही वाटत. तो खरा गोरिला आहे असं कोणाला वाटलं असेल असं मी मानत नाही. वाईट वाटलं ते अभिनयामुळे. तो अभिनय ओब्रायन आणि त्याच्या सोबत्यांचा होता, फक्त त्यांच्या स्वतःच्या अंगात न होता बाहुलीच्या अंगात झाला.

आता दोष. काँगची लव चित्रपटभर सळसळते, जणू वारा सुटलाय. कारण अगदी साधं आहे. दर फ्रेमला बाहुली हलवताना बोटं त्या केसांवर पडायची आणि केस थोडे इकडेतिकडे व्हायचे. प्रेक्षकांतल्या काहींना वाटलं, गोरिला रागाने अंग फुलवतोय! म्हणजे काँग पाहताना आपण करणाऱ्याच्या बोटांचे ठसेसुद्धा पाहत असतो.

माणूस आणि बाहुली एका चौकटीत

नुसती बाहुली हलवून राक्षसपट होत नाही. तिच्याबरोबर माणूस दिसला पाहिजे, तोही लहान. यासाठी ‘किंग काँग’मध्ये बऱ्याच युक्त्या एकत्र वापरल्या. काचेवर जंगल रंगवून ती काच कॅमेऱ्यापुढे धरायची, म्हणजे खोली वाढते. छोट्या देखाव्यात एक छोटा पडदा लपवायचा आणि त्यावर मागून आधी चित्रित केलेला नट एकेक फ्रेम करून दाखवायचा. बाहुली एक फ्रेम सरकली की नटही एक फ्रेम सरकतो. तिसरी युक्ती म्हणजे फिल्मचा काही भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची, उरलेला भाग उघडा करून दुसऱ्यांदा चित्रण करायचं.

या तिसऱ्या युक्तीच्या जातीची कामं फाळक्यांनी त्याआधी कितीतरी वर्षं केली होती. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये मारुती आकाशातून गेला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये यमुनेच्या डोहात बाळकृष्ण आणि कालिया नाग यांची झुंज झाली. आपल्या चित्रपटातला हा सुरुवातीचा मोठा राक्षस म्हणायला हरकत नाही. कालिया स्टॉप-मोशनचा नव्हता, पण प्रश्न काँगचाच होता. एवढं मोठं जनावर आणि एवढंसं माणूस एका चौकटीत कसं आणायचं?

कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या सुरुवातीला एक विलक्षण गोष्ट आहे. कथा सुरू होण्याआधी मंदाकिनीचा चेहरा दिसतो आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. म्हणजे फाळके प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात, ही पाहा माझी मुलगी, ही आता कृष्ण होणार आहे. युक्ती उघड करून मग ते खेळ सुरू करतात आणि तरीही लोक हात जोडतात. दशावतारात किंवा रामलीलेत वेशधारी कोण आहे ते गावाला ठाऊक असतं, तरी त्याच्या पाया पडतात ना, तसंच. राक्षसपटाचा प्रेक्षकाशी असलेला करार इतका जुना आहे.

महाराष्ट्रात पुढे ही परंपरा जोमात चालली. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त कीचकाचा वध असा दाखवला की तो प्रसंग सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांचं वैकुंठगमन झालं. फरक एवढाच की आपल्याकडे ही सगळी करामत देवांच्या चमत्कारांसाठी राबली. अमेरिकेत ती राक्षसांसाठी राबली.

सात सापळे

काँग पाहून वेडावलेल्या पोरांत एक होता तेरा वर्षांचा रे हॅरीहाउझन. त्याने घरीच बाहुल्या करायला सुरुवात केली. पुढे त्याचे वडील त्याच्यासाठी धातूचे सांगाडे करून द्यायचे आणि आई कपडे शिवायची. मोठेपणी तो ओब्रायनच्याच हाताखाली ‘मायटी जो यंग’ या १९४९ च्या चित्रपटावर राबला आणि त्या चित्रपटाला विशेष दृश्यांचं ऑस्कर मिळालं.

हॅरीहाउझनचं सर्वांत गाजलेलं काम १९६३ च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मधलं. जमिनीतून सात सापळे उगवतात आणि तीन माणसांशी तलवारीने लढतात. नटांनी आधी हवेत वार करून लढाई चित्रित केली. मग हॅरीहाउझनने त्या वारांना जुळवून सापळे हलवले. सात सापळे, प्रत्येकाचे दोन हात, दोन पाय आणि डोकं. म्हणजे एका फ्रेमला पस्तीस हालचालींचा विचार, आणि शिवाय नटाची तलवार आणि सापळ्याची ढाल नेमकी भिडली पाहिजे. काही दिवशी फक्त १३ फ्रेम पूर्ण व्हायच्या, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. काही मिनिटांच्या या प्रसंगाला चार महिन्यांहून जास्त वेळ लागला. आणि हे सगळं त्याने एकट्याने केलं.

१९७३ सालच्या ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये त्याने सहा हातांची कालीची मूर्ती जिवंत केली, सहा हातांत सहा तलवारी. ती आपली काली नाही, परदेशी कल्पनेतली आहे, आणि आपल्यापैकी काहींना ती खटकेलही. पण तिची चाल लक्ष देऊन बघा. मान आधी वळते, मग खांदे, मग हात. दगड हळूहळू जागा होतो आहे. अंतरांचा हिशेब पुन्हा.

या कामाचे धागे लांबवर गेले. जपानच्या एजी त्सुबुराया यांना ‘किंग काँग’ने झपाटलं होतं. १९५४ साली ‘गॉडझिला’ करताना स्टॉप-मोशनला लागणारा वेळ त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून त्यांनी माणसाला रबरी पोशाख घालून छोट्या शहरात चालवलं. त्यातून एक वेगळीच परंपरा उभी राहिली.

धक्के का बसतात

स्टॉप-मोशनची बाहुली थोडी थरथरत, तुटक का चालते? याचं कारण कौशल्याची उणीव हे नव्हे. धावणाऱ्या माणसाचं चित्रण केलं की प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे हातपाय थोडे पुसट येतात, कारण कॅमेऱ्याची झडप उघडी असताना ते हलत असतात. त्या पुसटपणामुळे फ्रेम एकमेकींत मिसळतात. बाहुली मात्र छायाचित्राच्या क्षणी पूर्ण स्थिर असते. प्रत्येक फ्रेम धारदार. म्हणून धक्का जाणवतो.

फिल टिपेट आणि त्याच्या सोबत्यांनी १९८० च्या सुमारास यावर तोडगा काढला. बाहुलीला मोटारी जोडल्या आणि झडप उघडी असतानाच तिला किंचित हलवलं. पुसटपणा आला, चाल गुळगुळीत झाली. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’चे डायनासोर टिपेट याच पद्धतीने करणार होता. पण संगणकावर केलेली चाचणी पाहून स्पीलबर्गने संगणकाची वाट धरली. आपली जातच आता नामशेष झाली, अशा अर्थाचं काहीतरी टिपेट तेव्हा बोलला आणि स्पीलबर्गने ते चित्रपटातल्या संवादात घालून टाकलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही. संगणकवाल्यांना डायनासोर दिसायला हुबेहूब करता येत होता, पण तो जड कसा चालेल, वळताना वजन कुठल्या पायावर टाकेल, दारापाशी थबकून काय विचार करेल, हे ज्याच्या बोटांत मुरलेलं होतं तो होता टिपेट. म्हणून त्यालाच डायनासोरांच्या हालचालींवर देखरेखीला ठेवलं. शिवाय एक उपकरण केलं. धातूचा सांधेवाला सांगाडा, तंतोतंत डेलगाडोच्या वळणाचा, पण प्रत्येक सांध्यावर संवेदक. जुने कारागीर तो सांगाडा हाताने सरकवायचे आणि संगणकातला डायनासोर तसा हलायचा. १९९४ साली हा चित्रपट हिंदीत आला तेव्हा आपण सगळ्यांनी तोंडात बोट घालून जे पाहिलं, त्यातल्या काही हालचालींमागे अशी माणसाची बोटं होती.

काय टिकलं, काय गेलं

आता थोडं कडू. ‘किंग काँग’ आज कोणालाही पाहता येतो. ‘आगकाड्यांची मौज’ कोणालाही पाहता येत नाही, कारण ती उरलेलीच नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी, ओलाव्यात कुजणारी. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट तयार झाले आणि त्यांतले मोजकेच वाचले. ‘राजा हरिश्चंद्र’चे आणि ‘कालिया मर्दन’चे जे भाग आपण आज पाहतो, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचून मिळवले म्हणून. हे संग्रहालयच १९६४ साली स्थापन झालं, फाळके गेले १९४४ साली. मधल्या वीस वर्षांत काय काय नष्ट झालं असेल याचा हिशेब कोण देणार?

म्हणून ‘लास्टिंग अचीव्हमेंट’, टिकाऊ कर्तृत्व, असं आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. फिल्म टिकणं हे जपणाऱ्यांचं काम. ते अमेरिकेत काही प्रमाणात झालं, आपल्याकडे फार कमी झालं. कलेचं मर्म टिकणं हे शिकणाऱ्यांचं काम, आणि ते मात्र हातातून हातात चालू आहे. ओब्रायनकडून हॅरीहाउझनकडे, तिथून टिपेटकडे. भारतातही वैभव कुमारेश यांनी मातीच्या पात्रांच्या जाहिराती केल्या, अमरॉन बॅटरीच्या, त्या अनेकांच्या लक्षात असतील. सुरेश एरियात यांच्या ‘टोकरी’ या स्टॉप-मोशन लघुपटात मुंबईतली एक गरीब मुलगी आणि तिच्या वडिलांचं मोडलेलं घड्याळ एवढीच गोष्ट आहे. तो पाहताना बाहुलीच्या डोळ्यांकडे लक्ष द्या. काँगने जबडा हलवून पाहिला होता, त्याच वंशातलं ते बघणं आहे.

आजचा संगणक क्षणात हजार राक्षस उभे करतो. त्याला माझा विरोध नाही. पण पुढच्या वेळी एखादा राक्षस पडद्यावर येईल तेव्हा तो किती खरा दिसतो हे बाजूला ठेवा आणि वेगळं विचारा. याला वजन आहे का? काही न करता उभा असताना हा जिवंत वाटतो का? कथेला गरज नसलेली एखादी छोटी कृती हा करतो का? उत्तर हो असेल, तर तो चित्रपट करणारे ओब्रायनच्या घराण्यातले आहेत. नाही असेल, तर कितीही कोटी खर्चले असोत, तो दोरीने ओढलेला बैल आहे.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरात, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत आजोबांच्या वेळची फिल्मची रिळं असतील, घरगुती असोत की आणखी कसली, तर ती भंगारात देऊ नका. उन्हापासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवा, विस्तवाजवळ नेऊ नका आणि जाणकाराला दाखवा. कुणी सांगावं, एखाद्या डब्यात आगकाड्या अजून नाचत असतील.